ब्रह्मकमळ आणि दगडफूल : भिंग हातात घेऊन तुलना कशी करायची

फेब्रुवारीचे दिवस. सोलापूरची गड्ड्याची जत्रा उरकलेली, रानात हुरडा संपत आलेला आणि माझ्या घरात मिरचीची पहिली पोती उतरलेली. जिन्यात मिरची, गच्चीवर मिरची, सगळं घर शिंकतंय. अशात नववीतली नात वही घेऊन पुढ्यात बसली. "आज्जी, प्रकल्प आहे. उंच डोंगरावरचं एक फुलझाड आणि एक शैवाक, म्हणजे लायकेन, दोघांची तुलना. मी ब्रह्मकमळ आणि दगडफूल घेतलंय. दोन्ही आपल्या घरातच आहेत!"

दगडफूल होतं, पोतंभर होतं. ब्रह्मकमळ मात्र आमच्या घरात नव्हतं, आख्ख्या सोलापुरात नव्हतं. कुंडीत जे आहे ते वेगळंच.

मी 1983 साली वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि पुढं तीस-बत्तीस वर्षं शेंगाचटणी, काळा मसाला, जवसाची चटणी करून विकली. त्या पदवीचा उपयोग काय, असं सासूबाई मरेपर्यंत विचारत राहिल्या. नातीच्या प्रकल्पात तो झाला. तिला आठ दिवस जे करायला लावलं तेच इथं लिहितेय. ज्यांच्या घरी असली वही घेऊन कुणी येईल त्यांनी तसंच करून बघावं.

आधी नावं सोडवून घ्या, नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया. आपल्याकडं दारोदारी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, जे रात्री दहा-अकराला उमलतं, ज्याच्यासाठी शेजारणीला उठवून आणून हळदकुंकू वाहतात आणि जे सकाळी मान टाकतं, ते निवडुंगाच्या कुळातलं आहे. एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. मूळ गाव मेक्सिको आणि मध्य अमेरिका. त्याचं जे 'पान' मातीत खोचून आपण नवं झाड करतो ते पानसुद्धा नाही, चपटं झालेलं खोड आहे. म्हणून तर त्याच्या काठाच्या खाचेतून कळी येते. पानाच्या काठातून कळी आलेली कुठं बघितलीय का? फूल सुंदर आहे, वास सुंदर आहे, पूजा खुशाल करा. पण त्याला हिमालयात नेऊन ठेवलं तर पहिल्याच रात्री गारठून जाईल.

खरं ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ऑबव्हॅलाटा. उत्तराखंडचं राज्यपुष्प. कमळाशीही नातं नाही आणि निवडुंगाशीही नाही. ते सूर्यफुलाच्या कुळातलं आहे, म्हणजे झेंडू, शेवंती, एकदांडी यांच्या घरातलं. समुद्रसपाटीपासून साधारण 3,700 ते 4,600 मीटरवर, झाडांची हद्द संपते त्याच्याही वर ते उगवतं. सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, यावरून अंदाज घ्या.

मी ते एकदाच पाहिलं, 2017 च्या ऑगस्टमध्ये. आम्ही अकरा बायका उत्तराखंडातल्या हेमकुंडाला गेलो होतो. गोविंदघाटावरून घांघरिया, तिथं मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहा किलोमीटरची उभी चढण. निम्म्या जणी खेचरावर, मी हट्टानं पायी. वर धुकं होतं, पाऊस होता, आणि शेवटच्या वळणांवर दगडांच्या बेचक्यात फिकट पिवळट-हिरवी, कोबीच्या सुट्या पानांसारखी काहीतरी गड्डी दिसायला लागली. वीतभर उंच, कुठं हातभर. सोबतची म्हणाली, "कुणी कागदी द्रोण टाकलेत गं इथं?" तेच ब्रह्मकमळ. वाकून आत डोकावलं तर तळाशी जांभळ्या-काळपट रंगाचे झुबके. ते झुबके म्हणजे फुलं. बाहेरचे द्रोण म्हणजे पाकळ्या नव्हेत, ती फुलांभोवतीची पानं. वनस्पतिशास्त्रात त्यांना छदं म्हणतात.

आता दगडफूल. मराठीत दगडफूल किंवा धोंडफूल. माझ्याकडं कांडपाला येणारी कानडी मावशी त्याला कल्लू हूव म्हणते, पलीकडच्या पद्मशाली आळीतल्या तेलुगू बायका राती पुव्वु म्हणतात. तिन्ही भाषांत अर्थ एकच, दगडाचं फूल. तिन्ही भाषांनी मिळून एकच चूक केलीय, आणि का केली ते हातात धरलं की कळतं. वाळलेल्या फुलासारखंच दिसतं. पण ते फूल नाही, पान नाही, झाडसुद्धा नाही. एका बुरशीनं हिरव्या शैवलाला आपल्या अंगात घर दिलंय आणि दोघं मिळून जो संसार चालतो तो म्हणजे शैवाक. आणि 'दगडाचं' म्हणावं तर बाजारात येणारं पुष्कळसं झाडांच्या सालीवरून काढलेलं असतं.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग (सराफ वापरतात तसलं, घडीचं), एक ब्लेड, दोन पांढऱ्या बशा, काडेपेटीच्या चार काड्या, टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर अर्धा चमचा, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा आणि वही. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भिंग टेकवलं तर फोटोही बरे येतात. हे नातीनं मला शिकवलं.

खरी अडचण ब्रह्मकमळाची. ते आणायचं कुठून? आणायचंच नाही. उत्सवासाठी आणि औषधासाठी तोडून तोडून ते कमी होत चाललंय, आणि फुलांच्या घाटीसारख्या राष्ट्रीय उद्यानात तर पानही तोडायला बंदी आहे. यात्रेहून येताना कुणी पिशवीत घालून आणलेलं वाळकं फूल मिळालं तरी घेऊ नका, मागणी तिथूनच वाढते. मग काय करायचं? त्याचं सोलापुरातलं भावंड शोधायचं.

हे मला मध्यरात्री सुचलं आणि मी उठून बसले. करडई! आपली रब्बीतली करडई. ब्रह्मकमळ आणि करडई एकाच कुळातली आहेतच, पण त्या मोठ्या कुळातही काटेरी मंडळींची जी एक शाखा आहे तिच्यात दोघी शेजारी-शेजारी बसतात. झेंडूपेक्षा करडई ब्रह्मकमळाला जवळची. आणि सोलापूर तर करडईच्या संशोधनाचं मोठं केंद्र. फेब्रुवारीत ज्वारीच्या कडेच्या ओळींना करडई फुललेली असते. जनावरं आत घुसू नयेत म्हणून काट्यांचं कुंपण, आणि वर तेलाचं तेल.

करडईचं एक बोंड मालकाला विचारून आणा. हातमोजा घाला किंवा फडक्यात धरा, टोचते. आता ते ब्लेडनं देठापासून वरपर्यंत मधोमध उभं चिरा आणि भिंगाखाली धरा. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि बोंड जवळ आणायचं. सगळे उलटं करतात, भिंग लांब धरून वाकून बघतात आणि मग म्हणतात काही दिसत नाही.

दिसतं ते असं. बाहेर हिरव्या काटेरी पानांचे थर, एकावर एक, कौलासारखे. ती छदं. आत तळाला गादीसारखा पांढरा भाग. त्या गादीवर केसांसारख्या तुसांमध्ये दाटीनं उभ्या राहिलेल्या केशरी-पिवळ्या नळ्या. प्रत्येक नळी म्हणजे एक पुरं फूल. एक नळी चिमट्यानं ओढून काढा. खाली बारीक पांढरा दाणा लागून येईल, तोच उद्याचा करडईचा दाणा. वर नळी पाच भागांत फाटलेली. फाटीच्या मधून पाच केसरांची एकमेकांना चिकटून झालेली आणखी एक नळी, आणि तिच्या पोटातून बाहेर डोकावणारा दांडा. नातीनं एका बोंडातल्या नळ्या मोजायला घेतल्या आणि चाळिसाच्या पुढं कंटाळून सोडल्या. ज्याला आपण 'एक फूल' म्हणतो ते आख्खं गाव असतं, हे तिला तिथं कळलं. पुस्तकातला 'स्तबक' हा शब्द तिनं आधी पाठ केला होता, अर्थ करडईनं सांगितला.

आता या बोंडातून मनानं ब्रह्मकमळ करायचं. काटे काढा. छदं ताणून तळहाताएवढी करा, पातळ, पिवळट, बटर पेपरसारखी, आतलं धूसर दिसेल इतकी. केशरी नळ्या जांभळ्या करा. आणि एका बोंडाऐवजी अशी पाच-दहा-पंधरा बोंडं एकमेकांना खेटून त्या द्रोणात बसवा. आणखी एक फरक लिहून ठेवा. करडईचा दाणा जड, टपकन खाली पडतो. ब्रह्मकमळाच्या बीला पिसासारख्या केसांचा झुबका असतो, ते वाऱ्यावर जातं. त्या वाऱ्यात जाणारच. तिथं माझी छत्री गेली.

ब्रह्मकमळाचं एवढं पुरे. दगडफुलाशी मात्र नीट दोन संध्याकाळी बसा, कारण ते घरात आहे आणि त्याच्यावर काहीही करून बघता येतं.

पन्नास ग्रॅम आणा, निवडलेलं नको, जसंच्या तसं. कागदावर पसरा आणि तांदूळ निवडतो तसं निवडा. सालीचे तुकडे निघतील, कधी शेवाळ, कधी बारीक काटक्या. हे सगळं वेगळं ठेवा, ते शैवाक कुठं वाढलं होतं याचा तो पुरावा आहे. उरलेल्यातही सगळं एकसारखं नसतं. पानासारखे रुंद, झालरीचे तुकडे एकीकडे, अरुंद फाटे फुटलेले पट्ट्यांसारखे दुसरीकडे, आणि दाढीच्या केसांसारखे लोंबते तिसरीकडे. बाजारातलं 'दगडफूल' ही एक जात नाहीच, तीन-चार जातींची मिसळ असते. तीस वर्षं मी ते किलोवर घेतलं, कधी लक्ष दिलं नव्हतं. आपल्या तुलनेसाठी रुंद झालरीवाले तुकडे घ्या. ते पार्मोट्रेमा, मसाल्याचा मुख्य ऐवज.

एक तुकडा भिंगाखाली. वरची बाजू राखाडी, जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याच्या रंगाची. उलटा करा, खालची बाजू काळी कुळकुळीत, कडेला तपकिरी चमक. काळ्या भागात मध्याकडं आखूड काळे धागे दिसतील. विद्यार्थी लगेच 'मुळं' लिहितात. लिहू नका. ते धागे फक्त धरून ठेवायला, पाणी ओढायचं काम ते करत नाहीत. आता झालरीची कड बघा. काहींच्या कडेला मैदा लावल्यासारखी पांढरट भुकटी असते, काहींच्या वरच्या अंगावर मोहरीपेक्षाही बारीक खुंट उगवलेले असतात. ती भुकटी आणि ते खुंट म्हणजे या जिवाची पुढची पिढी. प्रत्येक कणात थोडी बुरशी, थोडं शैवल, दोघं जोडीनंच घर सोडतात. बुरशीचे एकट्याचे बीजाणूही असतात, पण त्यांना नव्या जागी जोडीदार शोधावा लागतो. दगडफुलाच्या पिशवीच्या तळाशी जो राखेसारखा भुगा उरतो आणि आपण तो झटकून टाकतो, त्यात मातीबरोबर असली किती पिल्लं असतील.

मग पाणी. पाच ग्रॅम तोलून बशीत ठेवा आणि वर पाणी शिंपडा. वाळकं, कडकडीत, बोटानं मोडणारं दगडफूल बघता बघता मऊ पडतं, कातड्यासारखं वाकायला लागतं. पाणी निथळून परत तोला, वजन दुपटीच्या वर गेलेलं असेल. माल ताजा असेल तर राखाडी रंगात हिरवी झाक येते, कारण वरची साल ओली होऊन जराशी पारदर्शक होते आणि खालचं शैवल दिसायला लागतं. दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल राखाडीच राहतो. मी आता हीच परीक्षा व्यापाऱ्याच्या दुकानात करते. तो हसतो, पण जुना माल परत ठेवतो.

ओला तुकडा हातानं फाडा आणि फाटलेली कड भिंगातून बघा. वर पातळ राखाडी साल, तिच्या लगेच खाली पेन्सिलीच्या रेघेइतका हिरवट पट्टा, मग कापसासारखा पांढरा थर, आणि तळाला काळी साल. तो हिरवा पट्टा स्वयंपाकघर. उन्हात अन्न शिजवतं ते शैवल, बाकी सगळं घर बुरशीचं. हे दोन वेगळे जीव आहेत असं 1867 साली स्वित्झर्लंडच्या सिमॉन श्वेंडनर यांनी मांडलं तेव्हा शैवाकांचे जाणकारच त्यांच्यावर तुटून पडले होते. गंमत म्हणजे ब्रह्मकमळाचं सॉसुरिया हे नावही स्वित्झर्लंडच्याच सोस्यूर बापलेकांवरून आलंय. बाप 1787 मध्ये आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर चढलेला, मुलानं झाडं हवेतून आणि पाण्यातून अंग कसं धरतात ते मोजलेलं. आपल्या दोन्ही पाहुण्यांचं आजोळ स्वित्झर्लंड, असं नातीनं वहीत लिहिलं होतं. मी खोडायला लावलं. नाव तिथून आलं, जीव नव्हे.

आता ब्लीचचा प्रयोग, माझा सगळ्यात आवडता. पोरांनी एकट्यानं करायचा नाही, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुवायचं ॲसिड चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. खिडकी उघडी ठेवा. अर्धा चमचा ब्लीचिंग पावडर तीन चमचे पाण्यात ढवळा आणि गाळ खाली बसू द्या. कोरड्या दगडफुलाच्या रुंद तुकड्याची वरची राखाडी साल ब्लेडच्या टोकानं हलकेच खरवडा, आतला पांढरा कापूस दिसेपर्यंत. काडेपेटीच्या काडीनं वरचं नितळ पाणी घ्या आणि त्या पांढऱ्यावर एक थेंब ठेवा. डोळे हलवू नका. काही तुकड्यांवर थेंब पडताक्षणी पांढऱ्याचं लालभडक होतं, कुंकू विरघळल्यासारखं, आणि थोड्याच वेळात रंग उडून जातो. काही तुकडे ढिम्म राहतात. लाल होणारं बहुतेक पार्मोट्रेमा टिंक्टोरम, त्यात लेकॅनोरिक आम्ल असतं. लाल न होणारी दुसरी जात, पार्मोट्रेमा पर्लाटम त्यातली. शैवाकांचे अभ्यासक आजही रानात खिशात ब्लीचची बाटली घेऊन फिरतात.

पहिल्यांदा आमचा प्रयोग फसला. आठ तुकडे, एकही लाल होईना. नातीचं तोंड एवढंसं झालं. मग डब्याचं झाकण वाचलं, पावडर गेल्या पावसाळ्यातली, डबा उघडाच राहिलेला. तिचा क्लोरीन केव्हाच उडाला होता. कोपऱ्यावरून नवी पुडी आणली आणि दुसऱ्याच तुकड्यावर लाल. "आज्जी! रक्त!" असं ओरडली की खालची भाडेकरीण धावत वर आली.

शैवाकं आणि रंग यांचं नातं जुनं आहे. शाळेतला लिटमस कागद आठवतो ना, आम्लात लाल, अल्कात निळा? तो रंग मुळात शैवाकांपासूनच काढत, रोसेला नावाच्या. म्हणजे प्रकल्प तपासणाऱ्या बाईंच्या टेबलावरही एक शैवाक बसलेलं असतं.

एवढं बघून झालं की तक्ता. इथं एक चूक सगळे करतात, मीही केली. डाव्या बाजूला 'मूळ, खोड, पान, फूल, फळ, बी' लिहायचं, आणि मग ब्रह्मकमळापुढं 'आहे, आहे, आहे' आणि दगडफुलापुढं 'नाही, नाही, नाही'. असला तक्ता बघितला की दगडफूल बिचारं कमनशिबी वाटायला लागतं. चूक त्याची नाही, प्रश्नांची आहे. सगळे प्रश्न झाडाच्या घरचे. उलटं करून बघा. 'किती जीव मिळून झालंय? पूर्ण वाळून परत जिवंत होतं का? दगडावर मातीशिवाय राहतं का?' विचारा. आता 'नाही, नाही' ब्रह्मकमळापुढं येईल. म्हणून अवयव विचारू नका, कामं विचारा. पाणी कुठून घेता? अन्न कोण करतं? थंडी आली की काय करता? पोरंबाळं कशी पाठवता? मोठं व्हायला किती दिवस? या प्रश्नांना दोघांकडंही उत्तर असतं.

नातीच्या तक्त्यातली थंडीची ओळ मला फार आवडली, तिच्या शब्दांत थोडी मी भर घालून देते. ब्रह्मकमळ थंडीला टाळतं. हिवाळाभर जमिनीखालच्या जाड खोडात दडून बसतं, बर्फ वितळला की वर येतं, जुलै ते सप्टेंबर एवढ्याच दिवसांत फुलून बी करून मोकळं होतं. त्या दिवसांतही पाऊस आणि गारठा फुलांना लागू नये म्हणून छदांचा तंबू. दगडफुलाची जातकुळी मात्र तिथंच, उघड्यावर बसून राहते. पाणी गेलं की वाळते, वाळली की सगळं कामकाज बंद. ना वाढ, ना श्वासाची फारशी धडपड. धुक्याचा ओलावा मिळाला की थोड्याच वेळात पुन्हा कामाला. झँथोरिया एलेगन्स नावाच्या केशरी शैवाकाला तर 2008-09 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेर दीड वर्ष ठेवलं होतं. परत आणल्यावर त्यातलं पुष्कळसं जिवंत निघालं.

इथं एक दुरुस्ती स्वतःच करून घ्या, नाहीतर कुणीतरी हुशार माणूस पकडेल. आपलं मसाल्याचं दगडफूल ब्रह्मकमळाच्या शेजारी उगवत नाही. उत्तराखंडातून येणारं दगडफूल, ज्याला तिकडं झूला म्हणतात, ते खालच्या बांज-ओकच्या जंगलातलं. ब्रह्मकमळाच्या उंचीवर झाडंच नाहीत तर साल कुठली! तिथं दगडावर घट्ट चिकटलेली, नखानंही न निघणारी शैवाकं असतात. हेमकुंडाच्या वाटेवर मी केशरी डाग पाहिले आणि काळ्या रेघांनी नकाशासारखे विभागलेले पोपटी-पिवळे डागही. त्या नकाशावाल्याचं नावच रायझोकार्पन जिओग्राफिकम. ते इतकं सावकाश आणि इतकं नेमानं वाढतं की त्याचा व्यास मोजून हिमनदी त्या दगडावरून केव्हा सरकली याचा अंदाज बांधतात. शाळेला 'उंच डोंगरावरचं शैवाक' काटेकोर हवं असेल तर ते घ्या. हाताळून बघायला मात्र दगडफुलासारखं दुसरं नाही.

तक्त्यावर चित्र चिकटवताना सांभाळा. नातीच्या वर्गातल्या एकानं कुंडीतल्या निवडुंगाचा फोटो लावून खाली सॉसुरियाचं नाव लिहिलं होतं आणि बघायला आलेल्या परीक्षकांनी "वा, ब्रह्मकमळ!" म्हणून त्याची पाठ थोपटली. नात घरी येऊन धुसफुसत होती. मी तिला दडप्या पोह्यांची बशी दिली, दुसरं काय करणार.

ब्लीच लागलेले तुकडे लगेच फेका. आमच्याकडं ती बशी ओट्यावर राहिली होती आणि सूनबाई काळा मसाला भाजायला बसली होती. मिरच्यांच्या एका किलोला पंचवीस ग्रॅम दगडफूल, ते तेलात परतायचं असतं, परतल्याशिवाय त्याचा तो ओल्या मातीसारखा, लाकडासारखा वास सुटत नाही. तिनं बशीकडं हात नेला तेवढ्यात मी ओरडले. तेव्हापासून प्रयोगाचं सामान न्हाणीघराच्या खिडकीत.

शेवटचं काम एका दिवसात होत नाही. आमच्या शेतातल्या जुन्या विहिरीच्या कठड्यावर, काळ्या दगडाला, उत्तरेकडच्या सावलीत पांढरट-राखाडी गोल डाग आहेत. चुना सांडलाय असं सगळ्यांना वाटायचं. पाणी शिंपडून भिंग लावलं तर हिरवट. सोलापूरच्या उन्हात, मेमध्ये ज्या दगडावर हात ठेवता येत नाही त्या दगडावर. असा डाग तुमच्याही गावात जुन्या भिंतीवर, बांधावर सापडेल. खरवडू नका. शेजारी पट्टी धरून वरून सरळ फोटो काढा, सगळ्यात रुंद अंतर मोजा, तारीख लिहा. आमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या डागाचं माप 41 मिलिमीटर निघालं. नातीनं वहीच्या मागच्या पानावर ओळी आखून ठेवल्यात, दर फेब्रुवारीला एक, तिच्या पंचविसाव्या वर्षापर्यंतच्या. पहिल्या ओळीत 41 भरलंय.